मोठ्यानं वाचणारा माणूस

कारखान्यात मोबाइलवरचं शिक्षण आलं, त्या पहिल्या दिवशी बहुतेकांनी मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, व्हिडिओ पुढे कुठून ढकलायचा?" एकट्या नानांनी विचारलं, "चपला कुठे काढायच्या?"

मला वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. मी धुळ्याहून एमबीए करून आलेली, वय सत्तावीस, आणि कोणी थट्टा केली की माझं टाळकंच सरकतं. मी म्हटलं, "नाना, शाळा नाही ही. मोबाइल आहे." त्यांनी शांतपणे चपला काढल्या, नळावर हात धुतले, मोबाइल लोखंडी स्टुलावर टेकवला आणि समोर उभे राहिले. सात मिनिटांचा व्हिडिओ होता. सातही मिनिटं माणूस हाताची घडी घालून उभा. संपल्यावर मला आपल्या अहिराणी वळणात म्हणाले, "शिकवणारा मोबाइलात शे म्हणून आपण लोळत ऐकायचं का, ताई?"

त्यानंतर मी बरेच दिवस खुर्चीत मागे रेलून व्हिडिओ बघितला नाही. कुणाला सांगू नका.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना. आधी तो एका मारवाडी शेठजींचा होता. शेठजींच्या काळात शिकणं म्हणजे जुन्या ऑपरेटरच्या पाठीमागे दोन महिने उभं राहायचं, चहा आणून द्यायचा, शिव्या खायच्या आणि एक दिवस तो आजारी पडला की लूम, म्हणजे चटई विणायचं यंत्र, आपल्या हातात. मग पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं कारखाना विकत घेतला. त्यांनी ॲप आणलं, ॲपमध्ये कोर्स आणले, कोर्सला बिल्ले, बिल्ल्यांना गुण, गुणांप्रमाणे भिंतीवरच्या पडद्यावर नंबर, आणि हे सगळं सांभाळायला मला आणलं. नाना लूम विभागाचे सुपरवायझर. चौतीस वर्षं त्याच शेडमध्ये. पगारपत्रकावर त्यांचं नाव काय आहे ते हजेरी क्लार्क सोडला तर कुणाला आठवत नसे. धरणगावहून रोज एसटीनं येत. शर्ट पांढरा, इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं, आणि चष्म्याला चटईचाच हिरवा धागा बांधलेला. शिक्षण सातवी.

आणि या सातवी शिकलेल्या माणसाला कोर्सचं अक्षरशः वेड लागलं. आपल्या कामाचे कोर्स महिन्याभरात संपले. मग म्हणाले, "बाकीचे उघडा." मी म्हटलं, "नाना, बाकीचे तुमच्यासाठी नाहीत." तर म्हणे, "मग कुलूप लावायचं होतं." त्यांनी शीतगृहात मालाची गाडी कशी चालवावी हा कोर्स केला. जळगावात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली घाम पुसत पुसत, उणे अठरा अंशांत कोणते बूट घालायचे ते पाठ केलं. मोठ्या हॉटेलात पाहुण्याचं स्वागत कसं करावं हा केला. बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतणाऱ्या मातांसाठीचासुद्धा केला, आणि मग ठेकेदाराला गाठून पॅकिंगच्या एका बाईसाठी तिच्या बाळाला पाजायला जाण्याची अर्ध्या तासाची सुट्टी भांडून मिळवली. मी प्रशिक्षण अधिकारी. तो कोर्स मी स्वतः उघडूनही पाहिला नव्हता.

जे शिकले ते वापरलं नाही असं कधी झालं नाही. 'चूक दाखवताना आधी कौतुक करा, मग चूक सांगा, शेवटी पुन्हा कौतुक करा' हे त्यांनी एका कोर्समध्ये ऐकलं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये ऐन गडबडीत त्यांचा आवाज आला, "शर्ट चांगला शे तुना. अक्कल काडीची नई. बूट बी चांगला शेतस." पोरं हसून लोळायची बाकी राहिली. पण तो ऑपरेटर नंतर मला म्हणाला, "मॅडम, चौदा वर्षांत नानांनी माझ्या शर्टाकडे बघितलं नव्हतं हो."

पडद्यावर नाना कायम पहिल्या नंबरवर असत. त्याची त्यांना लाजच वाटे. "माझं नाव काढा तिथून, पोरं वाचणं सोडतील," असं त्यांनी मला दहादा सांगितलं असेल. ते काढायचं बटण माझ्याकडे नव्हतं. आमच्याकडे असली बटणं कुणाकडेच नसतात, ती नेहमी पुण्याला असतात.

नानांकडे दोनशे पानी वही होती. तिच्यात व्हिडिओंवरचे आक्षेप. अक्षर मोठं, गोल, दुसरीतल्या मुलासारखं. 'मिनिट तीन, सेकंद बारा. माणूस हातमोजा घालून चालू लूमच्या धाग्याला हात लावतो. हे चूक. मोजा धाग्यात अडकेल, मोज्यासोबत बोट जाईल. माझ्यासमोर एकाचं गेलं आहे.' मी हे टाइप करून पुण्याला पाठवलं ते केवळ त्यांनी रोज सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन "गेलं का?" विचारणं थांबवावं म्हणून. चार महिन्यांनी तो व्हिडिओ बदलून आला. मोजा नव्हता. त्यात बदल कुणामुळे झाला हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी नानांना दाखवलं तर त्यांनी पूर्ण व्हिडिओ उभ्यानं पाहिला आणि म्हणाले, "आता मिनिट पाच बघा. तिथं लूमचा इशाऱ्याचा दिवा बंद शे."

मग ॲपमध्ये तो प्रश्न विचारण्याचा प्रकार आला. आपण बोलायचं, आतून एक बाई गोड आवाजात उत्तर देते, माणूस नाही, सगळं मशीनच. बाकीचे तिला क्रिकेटचा स्कोअर विचारत. नाना लूमचं विचारत, आणि तिचं उत्तर चुकलं की अहिराणीत तिची शाळा घेत. ती लगेच म्हणे, "तुमचं बरोबर आहे, मी क्षमस्व आहे." याचा नानांना भयंकर राग. "ताई, हिले येत नई. जिला येतं ती भांडते. ही पयल्याच फटक्यात पाय धरते. माणसानं काय समजायचं?" एकदा तर त्यांनी मुद्दाम चुकीचं सांगितलं, आणि तिनं त्यावरही माफी मागितली. त्या दिवशी नाना जेवले नाहीत, असं मी म्हटलं तर खोटं होईल. जेवले, पण चिडून जेवले. डब्यातलं वांग्याचं भरीत कागदावर काढून मलाही दिलं आणि खाताना मला ऐकवत राहिले की, होय बा म्हणणारा मास्तर कामाचा नाही.

डोळ्यांवर लावायचा तो मोठा चष्माही एकदा पुण्याहून आला होता. लावला की खोटा कारखाना खरा दिसतो. सगळ्यांना त्यात मजा वाटली. नानांनी लावला आणि वाकून जमिनीवरून काहीतरी उचलायला लागले. विचारलं तर म्हणाले, "पाना पडलाय रस्त्यात. कुणी पडेल ना."

हे सगळं सांगायला मजा वाटते. पण मला खरं सांगायचंय ते सुमनबाईंचं, आणि ते सांगताना माझी मान खाली जाते.

सुमनबाई घडी-पॅकिंगमध्ये होत्या, ठेकेदाराच्या हजेरीवर. पावसाळ्यात चटयांची मागणी बसली की ठेकेदार या बायकांना चार महिने घरी बसवतो. कंपनीच्या कामगारांना तसं बसवत नाहीत. बाकी बायका त्या चार महिन्यांत निंदणी-खुरपणी शोधत. सुमनबाईंना गुडघ्यामुळे वाकून काम होत नसे. तर या सुमनबाई एक दिवस घडीच्या टेबलावरूनच नानांना म्हणाल्या, "नाना, सात नंबर आत्ता बंद पडेल." आणि सात नंबरचं लूम बंद पडलं. नानांना वाटलं, योगायोग असेल. त्यांनी बाईंना पाठमोरं उभं केलं आणि विचारत गेले. आवाजावरून कुठल्या लूमचा धागा तुटणार ते बाईंना पाच-सात सेकंद आधी कळत होतं. आठ वर्षं टेबलाशी उभं राहून चटया घडी करताना त्यांचे कान शेडमध्येच होते.

झालं. नाना पेटले. त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास सुमनबाई लूमवर. आमच्या कारखान्यात लूमवर बाई कधीच नव्हती. पोरांनी टोमणे मारून घेतले, "नाना, आता आम्ही घडी घालू का?" नाना म्हणाले, "घाला. बघू येते का." एकानं घालून पाहिली. वाकडी आली. मग टोमणे कमी झाले.

वर्षभरानं नवी लूम आली आणि पुण्याहून चार ऑपरेटरच्या जागा निघाल्या. कंपनीच्या हजेरीवर, बारा महिने काम. कोणालाही अर्ज करता येणार होता, बाईलाही. अट एकच, ॲपवरची परीक्षा पास पाहिजे, महिना संपायच्या आत. परीक्षा आता नव्या पद्धतीची होती. खोलीत एकट्यानं बसायचं, समोर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे मशीन. नजर सारखी बाजूला गेली, दुसरा चेहरा दिसला, ओठ हलले, की एक लाल खूण. तीन खुणा झाल्या की परीक्षा बंद आणि सहा महिने बंदी.

सुमनबाई माझ्या केबिनमध्ये बसल्या. मी बाहेर. नाना माझ्यापासून दहा पावलांवर, खांबापाशी उभे. चार मिनिटांत माझ्या फोनवर संदेश आला, 'संशयास्पद हालचाल, परीक्षा रद्द'. दार उघडून सुमनबाई बाहेर आल्या. "मॅडम, स्क्रीन बंद पडली. मी तर अजून तिसराच वाचत होते."

आता इथे मी काय केलं ते ऐका. मी त्यांना विचारलं, "सुमनबाई, खरं सांगा. बाहेरून कुणी सांगत होतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोक्याला रुमाल बांधला आणि घडीच्या टेबलावर निघून गेल्या. नानांनी ते ऐकलं होतं. जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही मशीनला नाही विचारलं, की तुला काय दिसलं. सुमनबाईला विचारलं."

मला राग आला. खरं सांगते, त्यांचाच राग आला. मी नियमाप्रमाणे अहवाल भरला आणि पाठवून दिला. त्यात 'सुपरवायझर परीक्षास्थळाजवळ उपस्थित होते' असंही लिहिलं, कारण तसा एक रकाना होता.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर मी ते रेकॉर्डिंग उघडलं. सुमनबाई एकट्याच होत्या. प्रश्न होता, 'खालीलपैकी कोणता पर्याय यंत्राच्या अनपेक्षित स्थगितीस कारणीभूत ठरू शकतो?' बाई एकेक शब्दावर बोट ठेवून मोठ्यानं वाचत होत्या. एकदा वाचून झाल्यावर स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे लूम मधीच काबर बंद पडस." आणि बरोबर उत्तरावर बोट ठेवलं. कागदावरचं त्यांना तोंडानं वाचल्याशिवाय समजत नव्हतं. स्वतःच्या बोलीत आणल्याशिवाय तर नाहीच नाही. आणि मशीनला एवढंच दिसत होतं की ओठ हलतायत, म्हणजे बाई कुणाशी तरी बोलतेय.

मी पुण्याला मेल केली. उत्तर आलं, 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' पुन्हा केली, पुन्हा तेच. फोन केला तर तिथल्या मॅडम म्हणाल्या की, छोट्या परीक्षांचे निकाल मशीनच देतं, माणसं फक्त मोठ्या परीक्षांची रेकॉर्डिंग बघतात, मास्टर ट्रेनरची वगैरे. वर मलाच म्हणाल्या, "तुमच्या नानांची मास्टर ट्रेनरची परीक्षा पुढच्या गुरुवारी आहे ना? त्यांच्याकडे लक्ष द्या. तुमच्या प्लांटमधून ते पहिले असतील."

हे मास्टर ट्रेनर काय होतं ते सांगते. त्याचं सर्टिफिकेट जाड कागदावर छापून येणार होतं, पुण्याच्या मोठ्या साहेबांच्या सहीचं. नानांची रिटायरमेंट तीन महिन्यांवर होती. सातवीनंतर शाळा सुटलेल्या या माणसानं मला एकदाच, चहा पिता पिता, तेही दुसरीकडे बघत सांगितलं होतं, "ताई, बिल्ले-बिल्ले ठीक शे. पण तो एक कागद हातात पडला ना, की मी धरणगावला घरी लावणार. मास्टर लिहिलंय त्याच्यावर." एवढं बोलून उठून गेले होते. त्यांना लाज वाटली होती, माणसाला आपली हौस कुणासमोर उघडी पडली की वाटते तशी.

फोनवरचं बोलणं मी नानांना सांगितलं. सांगितल्यावर माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. "नाना, तुम्हीही ओठ हलवून वाचता!"

"हलवतो ना. सगळे हलवतात आमच्यात."

"अहो, मग तुमचीही परीक्षा रद्द होईल!"

आठवडा हातात होता. मी त्यांना रोज दुपारी बसवून मनातल्या मनात वाचायची सवय करायला लावली. आधी ओठ हलत, मग फक्त हनुवटी हले, मग तीही थांबली. मंगळवारपर्यंत नाना पुतळ्यासारखे वाचायला लागले. मी खूश झाले. नाना मात्र म्हणाले, "वाचतो, पण आत काही जात नाही, ताई. नुसती अक्षरं दिसतात." मी म्हटलं, "जाऊ दे, नाना. तुम्हाला तसंही सगळं येतं."

"मला येतं," ते म्हणाले.

गुरुवारी ते माझ्या केबिनमध्ये गेले. दार लागलं. पाच मिनिटांनी आतून आवाज यायला लागला. मी धडपडून उठले. नाना वाचत होते. मनातल्या मनात नाही, पुटपुटतही नाही. चौतीस वर्षं लूमच्या खडखडाटावर चढून बोलण्याची सवय असलेला तो आवाज, पूर्ण ताकदीनं. प्रश्न वाचला, अहिराणीत उलगडून सांगितला, उत्तर सांगितलं आणि दाबलं. दुसरा प्रश्न. तिसरा. मग आवाज थोडा खाली आला.

ते पुढचं मी नंतर रेकॉर्डिंगवर पाहिलं. पडद्यावर तिसरी लाल खूण आली होती आणि परीक्षा बंद होत असल्याची सूचना होती. नाना थेट कॅमेऱ्यात बघून बोलत होते. "पुण्याला जे कोणी साहेब नाहीतर मॅडम हे बघत असतील त्यांना नमस्कार. या खोलीत मी एकटा शे. बघा." त्यांनी कॅमेरा उचलला आणि खोलीभर फिरवला. माझं कपाट, माझा डबा, खिडकी, बंद दार. "कोणी सांगायला नाही. मी वाचतो तेव्हा माझे ओठ हलतात. सुमनबाई वाचते तेव्हा तिचे हलतात. ती चोर असेल तर मी बी चोर शे, माझे जुने बिल्ले बी काढून घ्या. नसेल, तर तिची परीक्षा परत घ्या. महिना संपायला सहा दिवस शेत." मग त्यांनी कॅमेरा जागेवर ठेवला आणि खुर्ची नीट आत सरकवली.

बाहेर आले तोवर माझ्या फोनवर संदेश आला होता, 'कॅमेरा हलवला, परीक्षा रद्द', आणि मी रडायच्या बेतात होते. "नाना, हे काय करून बसलात? कॅमेरा का फिरवला? मुद्दाम नियम मोडला असं धरतील. सहा महिन्यांची बंदी. तुम्ही तीन महिन्यांत रिटायर होताय!"

"माहीत शे," नाना म्हणाले. "नियमांचा कोर्स मी दोनदा केलाय."

शनिवारी पुण्याच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी ते रेकॉर्डिंग तीनदा पाहिलं होतं म्हणे. पहिल्यांदा हसल्या, दुसऱ्यांदा नाही हसल्या. मग सुमनबाईंचंही मागवून पाहिलं. आमच्या प्लांटपुरती ओठांची ती तपासणी बंद झाली, आणि सुमनबाईंची बंदी उठली. नानांचं विचारलं तर म्हणाल्या, "कॅमेरा हलवल्याची नोंद आहे हो. ती सिस्टीम मला पुसू देत नाही. मला खरंच वाईट वाटतं." त्यांना वाटत असेल. माझ्या तोंडात मात्र आमच्या धुळ्याकडची एक अस्सल शिवी आली होती, ती मी चहाबरोबर गिळली.

सोमवारी सुमनबाई परत बसल्या. या वेळी त्यांचं वाचन बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. नाना खांबापाशी थांबले नाहीत. मी बघितलं तर ते गेटच्याही बाहेर, रस्त्यापलीकडे उन्हात उभे, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको. निकाल आला तसा मी तिथपर्यंत पळत गेले. "पास! नाना, पास!"

"चुकलं कोणतं?"

"अहो, पास झाल्या!"

"चुकलं कोणतं, ताई?"

दोन चुकले होते, दोन्ही आग विझवण्याच्या सिलिंडरचे. नानांनी कपाळावर हात मारला. "ते मी शिकवलंच नव्हतं. माझं चुकलं." आणि तसेच लगबगीनं आत गेले, सुमनबाईंना सिलिंडर दाखवायला.

संध्याकाळी सुमनबाई माझ्या केबिनमध्ये आल्या. मला वाटलं, पेढा घेऊन आल्या असतील. हात रिकामे होते. दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, आता पटलं ना?"

"पटलं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. पेढा दुसऱ्या दिवशी आला.

तीन महिन्यांनी नाना रिटायर झाले. शाल, नारळ, सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेलं घड्याळ. भाषण करा म्हटलं तर म्हणाले, "सात नंबरला तेल कमी पडतंय, तेवढं बघा." मला राहवेना. मी त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं की, माझ्याकडे सर्टिफिकेटचा नमुना आहे, रंगीत प्रिंटर आहे, जाड कागदही आणलाय, तुमचं नाव घालून काढून देते, कोण बघतंय धरणगावात. इतकी वर्षं शेडमध्ये ओरडणारा माणूस माझ्याशी कधी आवाज चढवून बोलला नव्हता, तेव्हाही नाही बोलला. नुसता नारळ पिशवीत टाकला आणि निघाला. माझी झोप उडाली होती त्या दिवसांत.

मग एका सकाळी फोन आला. "ताई, नाना बोलतोय. आज सहा महिने झाले. बंदी उठली माझी. परीक्षेला कधी येऊ?"

त्यांना सांगायचं तरी कसं? मी म्हटलं, "या."

दुपारी आले. इस्त्रीचा शर्ट, दोन पेनं. मी त्यांच्यासमोरच त्यांचा नंबर टाकला. पडद्यावर आलं, 'असा वापरकर्ता अस्तित्वात नाही.' नानांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. "नोकरी संपली की नाव काढतात का?" मी म्हटलं, "हो." "अस्सं," ते म्हणाले, आणि टेबलाच्या कडेला हात धरून उभे राहिले. मी त्यांना एवढं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मला काय सुचलं कोण जाणे. मास्टर ट्रेनरचे सराव प्रश्न माझ्याकडे छापलेले होते, तीस. मी दार लावून घेतलं आणि म्हटलं, "नाना, मी विचारते. सांगा." पाऊण तास मी विचारत होते आणि ते सांगत होते. एकही अडला नाही. एकोणतिसावा प्रश्न होता, 'शिकणाऱ्याकडून चूक झाल्यास प्रशिक्षकाने सर्वप्रथम काय करावे?' उत्तरपत्रिकेत होतं, 'शांतपणे समजावून सांगावे.' नाना म्हणाले, "लूम बंद करावं."

मी उत्तर वाचून दाखवलं. "आधी लूम बंद," ते म्हणाले. "समजावून सांगेपर्यंत बोट जाईल त्याचं." मला ते शंभर टक्के पटलं. मी कोरा कागद घेतला आणि माझ्या अक्षरात लिहिलं की, मास्टर ट्रेनरच्या प्रश्नांवर मी यांची तोंडी परीक्षा घेतली, कोणाची मदत नव्हती, यांना तीसपैकी तीस गुण मिळाले. खाली सही केली, तारीख घातली, माझा हुद्दा लिहिला, आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला.

नानांनी कागद पूर्ण वाचला. मग खिशातलं पेन काढलं, 'तीसपैकी तीस' मधल्या शेवटच्या तीसवर एक आडवी रेघ मारली आणि वर गोल अक्षरात लिहिलं, 'एकोणतीस'.

"अहो नाना, तुमचंच बरोबर आहे!"

"पुस्तकात चूक धरलंय ना? मग एकोणतीस. पुस्तकाशी भांडण वेगळं करू." त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला आणि रेघेवर बोट ठेवलं. "इथं सही करा. खाडाखोड शे."

मी सही केली. जागा कमी होती, म्हणून ती नीट आली नाही. त्यांनी ती निरखून पाहिली, चालेल म्हणाले, आणि कागदाची घडी न घालता, दोन्ही हातांत आडवा धरून बसस्टँडकडे निघाले.